‘स्वतः’ आणि रमाबाई

विवाहविधीत सप्तपदीचे महत्त्व काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांसाठी सहा पावले टाकून झाली म्हणजे सातवे पाऊल सख्यासाठी टाकावयाचे असते. मांडव बालाघाटाकडच्या खैरलांजीत पडो की गोमंतकातील एखाद्या देवळाच्या सभामंडपात पडो, त्या सातव्या पावलाचे पुढे काय झाले ते बहुधा कोणी लिहून ठेवीत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी ते लिहून ठेवले. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह निघाले.

या संसाराचा आरंभ शुभ म्हणावा असा नव्हता. रानड्यांची प्रथम पत्नी सखूबाई १८७३ च्या ऑक्टोबरात क्षयाने वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा आपला मुलगा आता एखाद्या विधवेशीच लग्न लावील, या भीतीने वडिलांनी घाई केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कुर्लेकरांची अकरा वर्षांची यमुना रानड्यांच्या घरात सून म्हणून आली. नवरदेव एकतीस वर्षांचे, मनाने खचलेले. वडिलांचा शब्द त्यांना मोडवेना. सुधारकांनी त्याबद्दल त्यांना पुष्कळ दूषणे दिली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणता येत नाही. पण त्या दूषणांत त्या मुलीचा विचार कोणी केल्याचे फारसे आढळत नाही. नकोशा लग्नाची बायको होऊन आलेल्या त्या पोरीचा त्यात काय अपराध होता?

रानड्यांनी तो विचार केला. वडील निरोप घेऊन गेल्यावर त्यांनी तिला जवळ बोलाविले, माहेरची माणसे विचारली, लिहिता-वाचता येते का म्हणून विचारले आणि पाटी-पेन्सिल पुढे ठेवून तिला अक्षरे गिरवावयास लाविले. पुढे सगुणाबाई देव यांची शिकवणी सुरू झाली. मागाहून इंग्रजीही आले. दुःखाने भरलेल्या त्या घरात पतीपत्नींस एकत्र बसण्यास निमित्त मिळाले ते या पाटीचे. ज्या काळी वडील माणसांदेखत नवऱ्याने बायकोशी चार शब्द बोलणेही मर्यादेबाहेरचे समजत, त्या काळी हे निमित्त लहान नव्हते.

मात्र दिवसा ती पाटी रमाबाईंनाच निस्तरावी लागे. घरात आत्या, नणंदा, इतर वडीलधाऱ्या बायका. त्यांनी बोलणे टाकावे, टोमणे मारावेत, कामात वगळावे. रानडे सगळे जाणून होते. त्यांनी त्या बायकांना कधी दुखविले नाही. पत्नीला मात्र उलट उत्तर न देता सोसण्यास सांगितले. रमाबाईंनी याबद्दल तक्रार केलेली नाही. पण आजच्या वाचकाने ती केली तर तो चुकला असे मी म्हणणार नाही. सरकारी न्यायासनावर बसून निवाडे देणाऱ्या पुरुषाने स्वयंपाकघरातल्या या एका खटल्यात निवाडा देण्याचे टाळले. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला. दोन वर्षांनी मुलींची मोठी शाळा सुरू झाली. रमाबाई सभांना जात राहिल्या आणि घरातला जाच त्या त्या मानाने वाढतच गेला.

अशा एका सभेचा प्रसंग त्यांनी लिहिला आहे. घरच्या बायकांचे मन राखावे म्हणून त्या दिवशी त्या पतीच्या इच्छेप्रमाणे वागल्या नाहीत. रानडे रागावले नाहीत; ते बोललेच नाहीत. रात्री तळपायांस तूप चोळीत काही वाचून दाखवावयाचे, हा त्या घरचा नेम होता. त्या रात्री तूपही चोळून झाले, वाचनही झाले, पण पलीकडून शब्द आला नाही. रमाबाईंनी रडून रात्र काढली व पुढे क्षमा मागितली. तेव्हा आपल्या माणसाने आपल्या मनासारखे केले नाही तर कोणासही वाईट वाटणारच, अशा आशयाचे पतीचे बोलणे त्यांनी नमूद केले आहे. मला या प्रसंगाचे मोल वाटते ते क्षमेसाठी नव्हे. ज्याच्या धीरगंभीरपणाची सर्वत्र ख्याती होती, त्या माणसालाही कोणाच्या तरी वागण्याने असे वाईट वाटत होते आणि ते त्याने पत्नीजवळ कबूल केले, यासाठी आहे. अबोला हे शस्त्र बरे नव्हे, हेही खरेच. सोसण्याचा भाग दोन्ही वेळा रमाबाईंच्याच वाट्याला आला.

कालांतराने त्यांचाही धीटपणा वाढला. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापानावरून ग्रामण्य माजले आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते रुचले नाही आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. पतीला दैवत मानणाऱ्या त्या स्त्रीला पतीची एखादी गोष्ट न पटण्याचा अधिकार होता, आणि हा अधिकार त्या पहिल्या रात्रीच्या पाटीतूनच आलेला असला पाहिजे.

पतीचे नाव घ्यावयाचे नाही, या रीतीस त्यांनी एक गोड तोड काढली. साऱ्या पुस्तकात त्या रानड्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करितात. इंग्रजी अनुवाद १९३८ साली ‘हिमसेल्फ’ या नावाने निघाला तो याच कारणाने. पण त्या इंग्रजी शब्दाने तोच हा पुरुष एवढेच कळते; मराठी ‘स्वतः’ कोणाचाही असू शकतो, बोलणाऱ्याचाही.

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत वारले. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षे जगल्या. १९०९ साली पुण्यास सेवासदन काढून त्यांनी कित्येक बायकांच्या हाती पाटी दिली. आठवणींचे पुस्तक मात्र त्यांनी १९०१ शीच थांबविले आहे.