गाडीचा हादरा मोजतात तरी कसा?

खड्ड्यातून गाडी गेली की ‘लई आदळली’ म्हणून आपण मोकळे होतो. गाडी बनवणाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही. हादरा किती जोराचा आणि सेकंदाला किती वेळा, हे त्याला आकड्यात लागतं. पुण्याची एआरएआय, इंदूरजवळच्या पिथमपूरचं नॅट्रॅक्स अशा केंद्रांत गाड्यांच्या चाचण्या होतात. नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला.

कंपन : सीट, चासी, इंजिनवर अ‍ॅक्सेलरोमीटर बसवतात. त्यातल्या पिझो स्फटिकावर दाब बदलला की विद्युतभार तयार होतो. माप ‘जी’मध्ये येतं, १ जी म्हणजे ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. मात्र हा भार हळूहळू ओसरतो, म्हणून उभ्या गाडीचं वजन अशा स्फटिकाने नीट मोजता येत नाही.

बल : तिथे स्ट्रेन गेज कामाला येतो. धातूची बारीक जाळी अ‍ॅक्सलवर किंवा पाट्यावर चिकटवतात. भाग ताणला की जाळीही ताणते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. फरक इतका सूक्ष्म, की तो पकडायला व्हीटस्टन ब्रिज लागतो. लाखो वेळा बसलेला लहान ताणही शेवटी पाट्याला तडा देऊ शकतो, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

वारंवारता : दोष कुठे आहे, हे इथे कळतं. साधारण आकडे असे:

- स्प्रिंगवरची बॉडी : १ ते २ हर्ट्झ
- चाक-अ‍ॅक्सलची उसळी : १० ते १५ हर्ट्झ
- ७५० आरपीएमवर चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन : २५ हर्ट्झ

ताशी ९० किलोमीटरला दोन मीटर घेराचं चाक सेकंदाला साडेबारा वेळा फिरतं. म्हणजे बॅलन्सिंग बिघडलेलं चाक नेमकं उसळीच्या पट्ट्यात येतं आणि स्टिअरिंग थरथरतं.

नोंदी : १०० हर्ट्झचं कंपन पकडायला सेकंदाला २०० पेक्षा जास्त नोंदी लागतात. कमी घेतल्या, तर नसलेलंच कंपन कागदावर दिसतं.

हा हिशेब शेवटी माणसाच्या पाठीशी येऊन थांबतो. बसलेल्या माणसाला खालून येणारं ४ ते ८ हर्ट्झचं कंपन सर्वांत जास्त जाणवतं. दिवसभर सीटवर असणाऱ्या ड्रायव्हरच्या मणक्याला त्याचा त्रास होतो. तेव्हा गॅरेजात नुसतं ‘गाडी हलते’ म्हणू नका. कुठल्या वेगाला हलते, उभी असताना हलते का, हे सांगा. वेगाबरोबर बदलत असेल तर आधी चाकं बघायची. उभ्या गाडीत रेस केल्यावर बदलत असेल तर इंजिन आणि त्याचे माउंटिंग.