घोड नदीकाठची पांढर

वाचकहो, तुमच्या गावाला पांढर असेलच. काळी आणि पांढरी हे शब्द शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची. एखादे जुने गाव उठून जाते, भिंती ढासळतात, चुलीची राख, शेण, केरकचरा सारे एकमेकांत मिसळते आणि काही पिढ्यांनी तिथे पांढुरके टेकाड उरते. ती माती खताला उत्तम म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची आपली चाल. माझ्या आजोबांनीही नेली. तिच्यात खापरे निघत, ती आम्ही पोरे ओढ्याच्या पाण्यावर भिरकावत असू. आपण इतिहास भिरकावतो आहोत हे तेव्हा कुणी सांगितले नाही. इतिहास म्हणजे किल्ले, लढाया आणि राजांच्या सनावळ्या, असेच आम्हाला शाळेत वाटे.

अशाच एका पांढरीची हकीकत आज सांगायची आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्यापासून पूर्वेला सुमारे ८० किलोमीटर. तिथल्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ साली उत्खनन सुरू केले आणि ते १९८३ पर्यंत हंगामाहंगामाने चालले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झेड. डी. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर ही त्यातली मुख्य मंडळी. सांकलियांनी याआधी १९५०-५१ साली संगमनेरजवळ जोर्वे येथे आणि पुढे नेवाशाला खणले होते. तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली सुबक भांडी करणाऱ्या त्या प्राचीन शेतकऱ्यांना 'जोर्वे संस्कृती'चे लोक म्हणतात, ते त्या जोर्वे गावावरून.

इनामगावला मात्र खणण्याची तऱ्हा निराळी ठेवली. आजवर बहुतेक ठिकाणी विहीर खणावी तसा उभा खड्डा घेत. त्याने थरावर थर किती आहेत ते कळते, पण गाव कळत नाही. इथे त्यांनी जमीन आडवी उघडली, घरामागून घर, अंगणामागून अंगण. अशी शंभराहून जास्त घरे उजेडात आली. बुटक्या मातीच्या भिंती, त्यावर कूड, आत चूल, धान्याचे पेव, कणगी ठेवायचे गोल ओटे. बेताची ऐपत असलेल्या शेतकऱ्याचे घर तुम्ही पाहिले असेल, तर त्यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते आणि कुंभार, चुना भाजणारा असे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत. म्हणजे गावात मोठे घर आणि कडेचे घर हा भेद तेव्हाही होताच. पुराचे पाणी अडवायला दगडमातीचा बांध होता, आणि त्याला लागून पाट खोदलेला होता.

काळ किती जुना? पहिली वस्ती इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराची, आणि गाव ओस पडले ते इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास. तुम्ही म्हणाल, हे कुणी मोजले? हे मोजायला इतिहासाचा माणूस पुरत नाही. चुलीतला कोळसा पदार्थविज्ञानवाल्यांकडे द्यावा लागतो. झाड जिवंत असताना हवेतून जो कार्बन घेते, त्यात किरणोत्सर्गी कार्बनचा अगदी थोडा अंश असतो. झाड तुटले की नवी भर थांबते आणि हा अंश ठरल्या गतीने घटत जातो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. किती उरला ते मोजले की लाकूड केव्हा तोडले ते सांगता येते.

धान्याची गोष्ट याहून गमतीची आहे. चुलीजवळची माती टोपल्यांनी आणून पाण्यात कालवायची. माती तळाशी बसते आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते चाळणीने गोळा करून वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायचा. डेक्कन कॉलेजातील डॉ. मु. दि. काजळे यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. मुख्य पीक होते जव. त्याखेरीज गहू, मसूर, हुलगा, वाटाणा, थोडा तांदूळ. रानातली बोरे आणि जांभळेही. डॉ. पी. के. थॉमस यांच्यासारख्या अभ्यासकांनी हाडे निवडली : गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या, हरणे, मासे, कासवे. नदीच्या गाळाचे थर वाचायला भूशास्त्राचे डॉ. श. ना. राजगुरू. एका पांढरीसाठी इतक्या विद्या एकत्र बसल्या. विद्यापीठात विषयांची खाती वेगळी असतात, जमिनीखाली ती वेगळी नसतात, हे मला पहिल्यांदा इनामगावच्या अहवालांवरून उमजले.

आता जरा वाईट भाग. हे लोक आपले मृत घरातच, जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. मेलेल्याने घर सोडून भटकू नये म्हणून असे करीत असावेत, असा एक तर्क आहे. लहान मूल गेले, तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत ते निजवायचे. अशी दफने दोनशेच्या वर मिळाली आणि त्यांतली बहुसंख्य मुलांची आहेत. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला माणूस निघाला.

गावाचे पुढे काय झाले, हा खरा वादाचा मुद्दा आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली बहुतेक जोर्वे गावे ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव टिकले, पण कसे? चौकोनी ऐसपैस घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. गव्हाचे प्रमाण घटले. शेळ्या-मेंढ्या वाढल्या, शिकारीच्या जनावरांची हाडेही वाढली. तीनशे वर्षे असे रेटले आणि मग तेही उठले.

ढवळीकरांचे उत्तर होते : पाऊस. हवामान कोरडे होत गेले, शेती बसली, शेतकऱ्याचा मेंढपाळ झाला. याला त्यांनी नाईल नदीच्या पूरपातळीचाही आधार दिला. नाईलचा पूर इथिओपियाच्या पावसावर चालतो आणि त्या पावसाचे आपल्या मोसमी पावसाशी नाते आहे. हे उत्तर आपल्या मनाला चटकन पटते. का पटू नये? इनामगावचे खोदकाम चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ पडला. आमच्या घरी अजून सुकडीचे आणि खडी फोडण्याच्या कामाचे बोलणे निघते. दुष्काळाने गावे उठतात हे महाराष्ट्रात पुराव्याने सिद्ध करावे लागत नाही.

पण संशोधनात पटणे आणि ठरणे या दोन गोष्टी आहेत. पुढच्या पिढीच्या काही अभ्यासकांनी विचारले, गोल झोपडी म्हणजे दैन्यच कशावरून? वर्षाचा काही काळ गावात आणि काही काळ गुरांमागे रानात, अशी राहणीही असू शकेल. आणखी एक काम अमेरिकेतील संशोधिका ग्वेन रॉबिन्स शुग यांचे. त्यांचे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी पाहिली ती मडक्यांत निजवलेली मुले. मुलाचे वय दातांवरून बरेच अचूक काढता येते, कारण दात वाढण्याचा क्रम उपासमारीतही फारसा चुकत नाही. हाडे मात्र चुकतात. पोटाला कमी पडले, आजार लागून राहिला, की हाड आखूड राहते, त्याची भिंत पातळ होते. तेव्हा दाताने सांगितलेले वय आणि हाडाने दाखवलेली वाढ शेजारी ठेवायची, आणि तफावत बघायची. शेवटच्या काळातल्या मुलांत ती वाढ खुंटलेली दिसली. मुले जन्माला पुष्कळ येत होती आणि पुष्कळ दगावत होती.

म्हणजे ढवळीकरांचेच खरे ठरले? तसे नाही. हाल झाले हे खरे, पण बाईंच्या मते इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास एकाएकी मोठे अवर्षण आले असे हवामानाच्या पुराव्यांतून दिसत नाही. कमी पावसाचा हा मुलूख आधीपासूनच तसा होता. मग जमिनीवर आणि रानावर माणसांनीच जास्त भार टाकला का, हा प्रश्न उभा राहतो. ढवळीकरांनी पन्नासभर वर्षांपूर्वीच्या साधनांनी जे मांडले ते हलके लेखावे असे मला वाटत नाही. घरे, दाणे, हाडे एका माळेत ओवली ती त्यांच्या पिढीने. तरीही माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. पाऊस कमी पडला एवढ्यावर सारे गाव उठते, तर इनामगाव शेजारच्या खोऱ्यांपेक्षा तीनशे वर्षे जास्त का टिकले? बांधामुळे? पाटामुळे? की लोकांनी गव्हाचा हट्ट सोडून शेळ्या धरल्या म्हणून? याचे उत्तर अजून कुणी पुरते दिलेले नाही.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. तुमच्या शाळेजवळ पांढरीचे टेकाड असेल, तर मुलांना घेऊन एकदा फिरून या. खणू मात्र नका. खणण्याला सरकारची परवानगी लागते, आणि एकदा उकरलेला थर पुन्हा वाचता येत नाही. पाऊस पडून गेल्यावर वर आलेली खापरे नुसती पाहा. तांबडे आणि वर काळ्या रेघा असे काही दिसले, तर जागा लिहून ठेवा आणि डेक्कन कॉलेजला कळवा. इनामगावच्या परिसरात आज उसाचे फड आहेत. मडक्यांतली ती मुले तीन हजार वर्षांपूर्वी त्याच मातीत निजवली होती, आणि त्यांची हाडे अजून नव्या नव्या उपकरणांखाली जात आहेत.