निलगिरीच्या तेलाची हकिकत



पडसे झाले की रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकायची रीत आपल्याकडे घरोघर आहे. नावावरून झाडही निलगिरी डोंगरातलेच असावे, असे पुष्कळांना वाटते. पण ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथले आदिवासी त्याचा पाला जखमांवर, तापावर पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले. १७८८ साली इंग्रजांची वसाहत सिडनीला बसली, तेव्हा त्यांच्याबरोबरचा शस्त्रवैद्य जॉन व्हाइट याने एका जातीच्या पाल्याचे तेल इंग्लंडला धाडले. गंमत अशी, की त्याने ते वाखाणले पोटातल्या कळांवर, सर्दीवर नव्हे! पुढे १८५२ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने भट्टी घालून तेलाचा धंदाच सुरू केला.

आपल्या देशात उटीच्या बाजूला १८४३ च्या सुमारास हे झाड आले ते जळणासाठी. थंडी कडक, जुने जंगल तुटत चाललेले. लाकूड नेल्यावर उरलेल्या पाल्यापासून लोक तेल काढू लागले. पाला भट्टीत वाफवायचा, वाफ थंड करायची, की पाण्यावर तेल तरंगते. डोंगराचे नाव मग झाडालाही चिकटले आणि तेलालाही.

त्या काळी या झाडाच्या वासाने हिवताप पळतो अशी समजूत होती. रोमजवळच्या दलदलीत साधूंनी १८७० च्या सुमारास त्याची लागवडही केली. पण १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दाखवले, आणि वासाची गोष्ट तिथेच संपली. झाड जमिनीतले पाणी ओढते, तेवढाच काय तो उपयोग.

मग तेलात काही नाहीच का? आहे ना! सिनिओल नावाचे द्रव्य त्यात मुख्य आहे. त्याच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, आणि खोबरेल किंवा तिळाच्या तेलात थोडे मिसळून चोळले तर दुखऱ्या अंगाला बरे वाटते. सर्दी मात्र आपल्या मुदतीनेच जाते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या बांधावर निलगिरी आहेच, घरीच काढू तेल. तसे करू नका. मैदानी भागात लाकडासाठी लावतात ती जात वेगळी, तिच्यात हे द्रव्य कमी. लिंबाच्या वासाची जी निलगिरी असते तिचे तेल साबण-अत्तराचे.

व्हाइटच्या काळी ते पोटात घेत. तुम्ही घेऊ नका. चमचाभर तेल पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येतात, शुद्ध हरपते. तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला तर लावूच नका. आणि मूल तेल प्यायलेच, तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता, बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.