साखर आपल्या घरात नेमकी कधी आली?

हा एपिसोड रेकॉर्ड करताना समोर चहाचा कप आहे, बिनसाखरेचा. खरं सांगतो, अजून जमत नाहीये.

झालं असं की, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी ६.२ आलं. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५पासून पुढे डायबेटिस. वय २८, वजन ६४ किलो, बीएमआय २२. मला वाटलं, रिपोर्ट दुसऱ्याचा आला. पुन्हा टेस्ट केली. तोच आकडा.

मग हिशोब लावला. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे. म्हणजे चाळीसेक ग्रॅम साखर तिथेच. रात्री डिप्लॉयमेंट असलं की कोल्ड्रिंक, त्याच्यासोबत बिस्किटांचा पुडा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. माझी तेवढी दुपारच्या जेवणाआधीच व्हायची.

दिवाळीत गावी गेलो, धामणगाव रेल्वेला. फिका चहा मागितला तर आजी म्हणाली, "काहून बापू, शुगर झाली का तुले?" मी म्हटलं, व्हायच्या बेतात आहे. मग सहज विचारलं, तुझ्या लहानपणी किती साखर असायची गं घरात? तर म्हणे, "साखर? ते पावन्याच्या च्यात. आमाले गुयाचा च्या." साखरेचा डबा कुलुपात असायचा. रेशनवर मिळेल तेवढीच, आणि ती सणाला पुरवायची.

मी आजवर समजत होतो की गोड चहा म्हणजे आपली परंपरा. पण आजीची एक पिढी मागे गेलो तर साखरच सापडेना! म्हणून शोधायला लागलो.

शब्द आपलाच आहे बरं का. शर्करा. तोच फारसी-अरबीतून फिरत जाऊन इंग्रजीत शुगर झाला, आणि खंडचं झालं कॅंडी. उसाच्या रसापासून खडे बनवायची कला भारतात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची. पण पांढरी दाणेदार साखर रोज, सगळ्यांच्या घरात, पाच वेळा? ते फार अलीकडचं.

आमचा वऱ्हाड तर कापसाचा. १८५३ला निजामाकडून इंग्रजांनी तो कारभाराला घेतला, त्यात कापूस हे मोठं कारण. १८६७ला रेल्वे नागपूरला पोचली. आमच्या गावाच्या नावातच ती रेल्वे आहे, यवतमाळचे लोक अजून गाडी पकडायला आमच्याकडे येतात. या रुळांवरून कापूस मुंबईला गेला. आणि मुंबईकडून जे आलं त्यात चहाही होता.

चहाची गोष्ट भारी आहे. १९०३ला कायदा करून निर्यातीच्या चहावर कर लावला, आणि तो पैसा चहाच्या जाहिरातीसाठी ठेवला. पुढे मोर्चा भारतीय गिऱ्हाइकाकडे वळला. स्टेशनांवर चहा कसा करायचा याचे बोर्ड, फुकट कप. आजच्या ॲपवाल्यांचं पहिले तीन महिने फ्री, तसंच. गंमत म्हणजे जाहिरातवाल्यांना इंग्रजी पद्धतीचा चहा हवा होता, पण विक्रेत्यांनी पावडर कमी करून दूध-साखर वाढवली. लोकांना तोच आवडला.

मग साखर स्वस्त झाली. आधी ती जावा बेटावरून यायची. १९३२ला सरकारने आयातीवर जबर कर लावून देशी कारखान्यांना संरक्षण दिलं. तेव्हा आधुनिक कारखाने तीसेक होते, पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. १९५०-५१च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला, लोणीला सहकारी कारखाना सुरू केला. शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना ही मोठीच गोष्ट, त्यात वाद नाही. पण त्या काळातली टंचाई आपण विसरलो. आजीचं कुलूप त्याच काळातलं.

आता माझ्या बीएमआयचं कोडं. ते पुण्यात सुटलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ला 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! दिसायला सडपातळ, आत चरबी. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली, तर ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. पिढ्यान् पिढ्यांच्या अर्धपोटी आयांचा हा वारसा असावा, असा एक अंदाज. वऱ्हाडाने १८९९-१९००चा दुष्काळ पाहिलाय, त्यामुळे मला तो पटतो. पण यावर वाद आहे, हेही सांगून टाकतो.

उलट्या बाजूचा पुरावा इंग्लंडचा. तिथे युद्धामुळे साखर रेशनवर होती, सप्टेंबर १९५३ला बंधन उठलं आणि खप जवळपास दुप्पट झाला. २०२४ला 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास म्हणतो, गर्भात आणि पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांना रेशनची साखर मिळाली त्यांना पुढे टाइप टू डायबेटिसचा धोका सुमारे ३५ टक्के कमी. हे वाचून आजीचा कुलुपातला डबा वेगळाच दिसायला लागला.

आणि हो, गुळाच्या चहाच्या टपऱ्यांवर जाऊन निश्चिंत होऊ नका. मीही झालो होतो. गुळातही बहुतांश साखरच असते. आजीचा गूळ चालून गेला कारण तो मोजका होता, आणि ती दिवसभर वावरात होती. मी दिवसभर खुर्चीत.

सध्याचा स्कोअर: दोन चहा, अर्धा-अर्धा चमचा, आणि हा फिका कप. कोल्ड्रिंक बंद. रिलीजच्या आठवड्यात दोनदा घसरलो. पुढची टेस्ट जानेवारीत आहे. बाबांनाही सोबत नेतोय, त्यांनी आयुष्यात कधी तपासलेलीच नाही.

तुमच्या आजीला किंवा आजोबांना विचारा, घरात साखरेचा डबा कधी आला आणि तो कुलुपात होता का. उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, त्यांच्याच आवाजात.