सोबत्याने तपासलेला निबंध

महाड-पोलादपूरची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न. २०१७ मध्ये विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासल्या आणि निकाल कमालीचे रखडले. साधन बदलले, तरी विद्यार्थ्याच्या हाती गुणच पडले. नेमके चुकले कुठे, हे सांगणारा अभिप्राय दुर्मिळच राहिला.

‘मूडल’ या मोफत संगणकप्रणालीतील ‘वर्कशॉप’ सुविधा नेमकी तेथे उपयोगी पडते. विद्यार्थी निबंध सादर करतो. मग शिक्षकांनी ठरविलेल्या निकषांवर सहाध्यायांचे आणि मुभा असल्यास स्वत:चेही लेखन तपासतो. मूळ मांडणीत लेखनाला ८०, तर तपासणीला २० गुण असतात. एखाद्याने दिलेले गुण सर्व परीक्षकांच्या सरासरीला सर्वांत जवळ असलेल्या तपासणीशी ताडले जातात. त्यामुळे मैत्रीखातर खिरापत वाटणाऱ्याचेच गुण घटू शकतात! पोलादपूरसारख्या लहान गावात सारेच ओळखीचे. तेथे नावे झाकण्याची सोय शिक्षकांनी आवर्जून वापरावी.