एकाहून अधिक व्याधी आणि माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन

लष्करातील पंधरा-वीस वर्षांची सेवा संपवून घरी परतलेल्या जवानाच्या वैद्यकीय कागदपत्रांत अनेकदा एकाहून अधिक व्याधींची नोंद असते. कंबरेच्या मणक्याचे दुखणे, तोफांच्या आवाजाने अधू झालेली श्रवणशक्ती आणि उच्च रक्तदाब, अशा तीन नोंदी एकाच अहवालात आढळणे नवलाचे नाही. मात्र आदेश हाती पडतो तेव्हा त्यांपैकी एखादीच व्याधी मान्य झालेली असते, किंवा एकूण टक्केवारी बेरजेपेक्षा कमी भरते. असे का होते आणि त्यावर दाद कशी मागावी, हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नियमांच्या दृष्टीने प्रत्येक व्याधी हा स्वतंत्र दावा असतो. बेरजेचा प्रश्न त्यानंतर येतो.

दोन कसोट्या

सेवामुक्तीपूर्वी रिलीज मेडिकल बोर्ड आणि आजारपणामुळे सेवेतून कमी केले जात असल्यास इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड जवानाची तपासणी करते. मंडळाला प्रत्येक व्याधीबाबत दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. व्याधी लष्करी सेवेमुळे उद्भवली किंवा सेवेमुळे बळावली काय, हा पहिला प्रश्न; तिच्यामुळे आलेले अपंगत्व किती टक्के, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास त्या व्याधीची टक्केवारी कितीही असली तरी हिशेबात धरली जात नाही. मान्य व्याधींचे एकत्रित अपंगत्व साधारणतः किमान २० टक्के असावे लागते. तथापि, आजारपणामुळे सेवेतून कमी केलेल्या जवानाचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुखविंदर सिंग खटल्यात २०१४ साली म्हटले आहे.

‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा

रक्तदाब, मधुमेह, अपस्मार यांसारख्या व्याधींवर हा शेरा वारंवार पडतो. व्याधी शांतता क्षेत्रातील नेमणुकीत उद्भवली, एवढेच कारण पुष्कळदा दिले जाते. परंतु केवळ तेवढ्याने सेवेशी असलेला संबंध तुटत नाही. धरमवीर सिंग खटल्यातील २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येथे मोलाचा आहे. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल, तर जवान निरोगी अवस्थेत सेवेत आला असे गृहीत धरावे. संबंध नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रशासनाची आहे. आणि व्याधी भरतीवेळी का लक्षात येऊ शकली नाही, याची कारणे मंडळाने नमूद केली पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. म्हणून नकाराच्या शेऱ्यापुढे कारणे दिली आहेत काय, हे सर्वप्रथम पाहावे.

बेरीज केव्हा, कपात केव्हा

लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या २००२ च्या मार्गदर्शिकेत एकत्रित मूल्यमापनाचे सूत्र दिले आहे. व्याधींचा शरीराच्या कार्यावर होणारा परिणाम सर्वस्वी भिन्न असेल, तर टक्केवारीची सरळ बेरीज करावी. परिणाम एकमेकांत मिसळणारा असेल, तर तेवढ्या प्रमाणात कपात करावी. मणका आणि गुडघा या दोहोंमुळे चालण्यावरच मर्यादा येते, तेव्हा कपात समजण्यासारखी आहे. मणका आणि कान यांच्या बाबतीत मात्र तिला आधार नाही. काही मंडळे अशा प्रकरणांतही टक्केवारी घटवतात आणि ते योग्य नव्हे, असे ही मार्गदर्शिकाच बजावते.

या फरकाचे आर्थिक मोल मोठे आहे. १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेल्या टप्प्यांनुसार ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ मधील ७५ टक्के आणि त्यावरील १०० टक्के धरले जाते. सेवाकाल पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रामअवतार खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये दिला. युद्धजन्य इजांचे दर वेगळे व अधिक आहेत. इतर प्रकरणांत १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. समजा, शेवटचे वेतन ४०,००० रुपये आहे. मणक्याचे ३० आणि कानाचे २० मिळून ५० टक्के झाले, तर ७५ च्या टप्प्यानुसार दरमहा ९,००० रुपये मूळ रक्कम होते. मंडळाने एकत्रित ४५ टक्के लिहिल्यास ती ६,००० रुपयांवर येते. पाच टक्क्यांची कपात, पण नुकसान दरमहा ३,००० रुपयांचे आणि तेही आयुष्यभर!

कागदपत्रे आणि अपील

अर्जदाराने प्रत्येक व्याधीसाठी स्वतंत्र कागदांचा संच करावा. भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, व्याधीची पहिली नोंद, लष्करी रुग्णालयातील उपचारांची कागदपत्रे, वैद्यकीय श्रेणी घटवल्याचे अहवाल, त्या काळातील नेमणुकांचा तपशील आणि दुखापत असल्यास इजा अहवाल त्यात असावा. मंडळाच्या अहवालाची प्रत जवळ नसल्यास ती रेकॉर्ड ऑफिसकडे मागावी. माहिती अधिकाराचाही उपयोग करता येतो.

दावा नाकारला गेल्यास सहा महिन्यांच्या आत पहिले अपील आणि त्यावरील निर्णयानंतर सहा महिन्यांच्या आत दुसरे अपील करता येते. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा मार्ग खुला होतो. महाराष्ट्र व गोव्यातील माजी सैनिकांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अपिलात ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढेच लिहू नये. कोणती व्याधी, कोणता शेरा आणि कोणत्या कागदाने तो खोडला जातो, हे क्रमाने मांडावे. अर्ज तयार करण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते.

२१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवामुक्त झालेल्यांना त्या वर्षीचे नवे नियम लागू आहेत. व्याधी असूनही सेवेत राहून निवृत्त झालेल्यांना मिळणाऱ्या रकमेला त्यात ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे नाव आहे. अर्ज करण्यापूर्वी आपली सेवामुक्तीची तारीख कोणत्या नियमांत बसते, ते अवश्य तपासावे.

विलंबाची किंमतही मोजावी लागते. दावा उशिरा दाखल झाल्यास थकबाकी सर्वसाधारणपणे त्याआधीच्या तीन वर्षांपुरती द्यावी, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग खटल्यात २००८ साली घालून दिले. त्यामुळे आदेश हाती पडताच त्यातील प्रत्येक व्याधीपुढचा शेरा वाचणे आणि टक्केवारीची बेरीज स्वतः करून पाहणे, हेच शहाणपणाचे.