'ए' सर्टिफिकेट, अब्बास आणि आपली मुलं

ख्वाजा अहमद अब्बास हे नाव घेतलं की बहुतेकांना 'आवारा' आणि 'श्री ४२०' आठवतात, नाहीतर अमिताभ बच्चनचा पहिला सिनेमा 'सात हिंदुस्तानी'. पानिपतहून मुंबईत आलेला हा पत्रकार आधी 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आणि मग 'ब्लिट्झ'मध्ये 'लास्ट पेज' हे सदर १९८७ साली जगाचा निरोप घेईपर्यंत लिहीत राहिला. पण मुलांनी कोणता सिनेमा पाहावा आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा, या वादावरचा भारतातला सर्वांत महत्त्वाचा खटलाही अब्बासांच्याच नावावर आहे. तो निकाल लिहिणारे न्यायाधीश नागपुरात शिकलेले, नागपुरातच वकिली करून मोठे झालेले होते. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि प्रत्येक मुलाच्या हातात गेम आहे. अशा वेळी हा जुना खटला पुन्हा वाचायला हवा.

साठच्या दशकाच्या शेवटी अब्बासांनी 'चार शहर एक कहानी' नावाचा छोटा कृष्णधवल माहितीपट काढला. शहरं होती मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास. एका बाजूला श्रीमंतांचं ऐषारामी जगणं आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या हातांनी इमारती आणि कारखाने उभे राहिले त्या मजुरांची दैना, असा तो विषय. संवाद जवळजवळ नाहीतच, मजुरांचं एक गाणं आणि थोडं पार्श्वसंगीत. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीतला एक लहानसा प्रसंग होता.

अब्बासांनी सेन्सॉर बोर्डाकडे 'यू' सर्टिफिकेट मागितलं. १९६९ च्या अखेरीस बोर्डाने कळवलं की सिनेमा सर्वांसाठी योग्य नाही, फक्त प्रौढांना दाखवता येईल. म्हणजे 'ए'. अब्बासांनी दाद मागितली, पण पुनर्परीक्षण समितीही तेच म्हणाली. मग ते केंद्र सरकारकडे अपिलात गेले. जुलै १९७० मध्ये सरकारने उत्तर दिलं : 'यू' मिळेल, पण वेश्यावस्तीचा प्रसंग छोटा करा. खिडकी लावून घेणारी बाई, उघडे गुडघे आणि या हातातून त्या हातात जाणारी नोट, हे शॉट वगळा.

या यादीतली नोट महत्त्वाची आहे. गुडघ्यांवर आक्षेप घेतला तर तो निदान कळतो. पण नोट तर शरीराचा भाग नव्हे. पैशापायी बाईचं शरीर विकलं जातं, हेच तर अब्बासांना सांगायचं होतं. त्या सूचनेत मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली सिनेमाचा मुद्दाच कापला जात होता. शिवाय माहितीपट तेव्हा मुख्य सिनेमाच्या आधी दाखवले जात. 'ए' शिक्का बसलेला माहितीपट 'यू' सिनेमाच्या आधी लावता येत नाही. म्हणजे सरकार बंदी घालत नाही, फक्त एक अक्षर देतं आणि सिनेमा प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही.

अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. सुनावणीत सरकारने माघार घेतली आणि काटछाट न करता 'यू' द्यायची तयारी दाखवली. दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. अब्बासांनी याचिकेत दुरुस्ती मागितली आणि प्रश्न आणखी मोठा केला : प्रदर्शनाआधी सेन्सॉर करण्याचा अधिकारच सरकारला आहे का? असला तर नियम नेमके असायला नकोत का? निर्णयाला मुदत का नाही? आणि ज्या सरकारचं बोर्ड, त्याच सरकारकडे अपील, हा कुठला न्याय?

२४ सप्टेंबर १९७० रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. तो लिहिला होता सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्लाह यांनी. त्यांचं कॉलेज नागपूरचं मॉरिस कॉलेज. पुढे केंब्रिज आणि लंडनहून बॅरिस्टर होऊन ते १९३० मध्ये नागपूरला परतले आणि वकिली सुरू केली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल, १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश, १९५४ मध्ये तिथलेच मुख्य न्यायाधीश, आणि १९६८ मध्ये देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश. ज्यांनी सिनेमा काढला ते अब्बास आणि ज्यांनी तोलला ते हिदायतुल्लाह, दोघेही मुसलमान. पण सबंध खटल्यात धर्माचा प्रश्न कुठेच नव्हता. दोन भारतीय नागरिक राज्यघटनेच्या भाषेत एका तत्त्वावर भांडत होते. मुसलमानांचं सार्वजनिक आयुष्य तलाक आणि हिजाबपुरतंच असतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम नोंदवतो.

निकाल समजून घेण्याआधी 'यू' आणि 'ए' ही अक्षरं कुठून आली ते पाहू. ती विलायतेची. ब्रिटनमध्ये सिनेमा उद्योगाने १९१२ मध्ये स्वतःच एक बोर्ड स्थापन केलं आणि १९१३ पासून ही दोन अक्षरं वापरायला सुरुवात केली. तिथे 'ए'चा मूळ अर्थ होता 'मोठ्यांना जास्त योग्य', म्हणजे एक सल्ला. भारतात १९१८ च्या कायद्याने परवान्याची पद्धत आली आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे बोर्डं बसली. त्यांची खरी चिंता मुलांची नव्हती. पडद्यावर गोऱ्या साहेबाची अब्रू जाऊ नये आणि स्वातंत्र्याची भाषा येऊ नये, ही होती. वयाची विभागणी आली स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये. अक्षरं ब्रिटनची घेतली, पण अर्थ कडक केला. आपल्याकडे 'ए' म्हणजे अठराच्या आतल्यांना बंदी. बापाने हात धरून नेलं तरी प्रवेश नाही.

हिदायतुल्लाह यांच्या निकालाचे दोन भाग आहेत. पहिला अब्बासांच्या विरोधात गेला. हलतं चित्र पुस्तकापेक्षा जास्त खोल परिणाम करतं, मुलांवर तर फारच, म्हणून प्रदर्शनाआधी तपासणी आणि वयाची वर्गवारी घटनेत बसते, असं कोर्टाने ठरवलं. दुसरा भाग अब्बासांच्या बाजूचा होता. कामविषय आणि अश्लीलता एक नव्हेत, समाजातलं वाईट पडद्यावर दिसलं म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही, तो विषय कसा हाताळला आहे ते पाहावं, कलेला पुरेशी मोकळी जागा ठेवावी, असं त्यात बजावलं. मुदत आणि स्वतंत्र अपील या दोन मागण्या सरकारला कोर्टात मान्य कराव्या लागल्या. त्यातूनच पुढे १९८१ च्या दुरुस्तीने चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण मंजूर झालं. १९८३ मध्ये 'यूए' ही मधली पायरीही आली आणि बोर्डाच्या नावातला 'सेन्सॉर' शब्द जाऊन 'प्रमाणन' आला.

थोडक्यात सौदा असा होता : मुलांसाठी रेषा आखायला समाजाला हक्क आहे, पण आखणाऱ्याने कारण द्यावं, वेळेत द्यावं आणि त्याच्यावर दाद मागता यावी.

हा सौदा डोक्यात ठेवून इतर देशांकडे पाहिलं तर गंमत वाटते. अमेरिकेत १९६८ पासून वर्गवारी आहे, पण ती सरकार करत नाही. सिनेमा उद्योगाचीच संघटना करते. तिथल्या 'आर' सिनेमाला सतराच्या आतलं मूल आईबापासोबत जाऊ शकतं. म्हणजे अंतिम शब्द घराचा. तिथली 'पीजी-१३' ही पायरी १९८४ मध्ये आली, आणि तिला कारणीभूत ठरलेल्या दोन सिनेमांपैकी एक होता 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'. त्यात जिवंत माणसाचं काळीज हाताने काढणारा खलनायक म्हणजे आपले अमरीश पुरी! मुलांना घेऊन गेलेल्या पालकांनी ओरड केली आणि काही आठवड्यांत नवी पायरी तयार झाली.

स्वीडनमध्ये तर वेगळंच. 'ई. टी.' हा जगभर लेकराबाळांसह पाहिला गेलेला सिनेमा तिथे अकरा वर्षांखालच्या मुलांना दाखवला नाही, कारण त्यात मोठी माणसं मुलांच्या शत्रूसारखी दिसतात असं तिथल्या बोर्डाला वाटलं. चुंबनाला न घाबरणारा देश मुलाच्या मनातल्या भीतीला घाबरतो. आपल्याकडे उलट आहे. नायक वीस माणसं कापतो ते चालतं, ओठ जवळ आले की कात्री येते.

आणि मुस्लिम देश? व्हॉट्सॲपवर त्यांच्याबद्दल 'तिकडे सगळं बंद' किंवा 'तिकडे सगळं पाक' असे दोनच निष्कर्ष फिरतात. प्रत्यक्षात सौदी अरेबियाने काही दशकांनंतर एप्रिल २०१८ मध्ये सिनेमागृहं उघडली आणि सोबत वयाच्या अनेक पायऱ्या आणल्या. इंडोनेशियात १३, १७ आणि २१ अशा पायऱ्या आहेत. संयुक्त अरब अमिरातीने २०२१ च्या डिसेंबरात २१ वर्षांची पायरी जाहीर केली, म्हणजे कापण्याऐवजी वय वाढवलं. इस्लामी मोजपट्टी म्हणून एकच एक आकडा कुठेही नाही.

तो नसणं हे फिकहच्या परंपरेला धरूनच आहे. फकीहांनी मुलाच्या वाढीचे टप्पे मानले. साधारण सातव्या वर्षी बरंवाईट ओळखण्याची 'तमीज', मग 'बुलूग' म्हणजे वयात येणं. शरीराच्या खुणा दिसल्या नाहीत तर बहुतेकांनी पंधरा वर्षं धरली. इमाम अबू हनीफांनी मुलासाठी अठरा आणि मुलीसाठी सतरा सांगितली. पण अनाथाची मालमत्ता त्याच्या हाती देताना सूरह निसा फक्त वय पाहत नाही, त्याच्यात 'रुश्द' आली का हे पारखायला सांगते. रुश्द म्हणजे समज. आणि पारखणार कोण, तर जो त्या मुलाला रोज पाहतो तो पालक. आकडा ही सोय आहे. निर्णय ओळखीच्या माणसाचा आहे.

आता आजच्या भारताकडे येऊ. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे तीन भाग झाले : ७, १३ आणि १६. हे बरंच झालं. हे तिन्ही आकडे पालकांना सल्ला आहेत, बंदी फक्त 'ए'ला. पण त्याआधी, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्राने एका अध्यादेशाने ते अपील न्यायाधिकरण गुंडाळलं. आता बोर्डाशी पटलं नाही तर थेट हायकोर्ट गाठायचं. मोठ्या निर्मात्याला ते परवडतं. चार पैसे जमवून माहितीपट काढणाऱ्या विदर्भातल्या पोराला परवडत नाही. अब्बासांच्या सौद्यातली रेषा उरली आणि दाद निसटली.

सिनेमाचं निदान बोर्ड तरी आहे. गेमचं काय?

अमेरिकेत 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या गेमवरून १९९३ मध्ये सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये गेमची वर्गवारी सुरू झाली. युरोपात २००३ पासून 'पेगी' ही पद्धत आहे : ३, ७, १२, १६, १८. तिचा खरा उपयोग आकड्याशेजारच्या चिन्हांत आहे. हिंसा, भीती, शिव्या, जुगार, आणि २०१८ पासून गेममधली खरेदी. बापाला कारण कळतं. चीनने २०२१ मध्ये अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्यांना रात्री आठ ते नऊ, एवढाच ऑनलाइन गेमचा वेळ ठेवला. तिथे घराला विचारायचा प्रश्नच नाही.

भारतात गेमसाठी बोर्डच नाही. प्ले स्टोअरवर जो '१२+' दिसतो, तो बनवणाऱ्या कंपनीने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून निघालेला असतो. पबजीचंच घ्या. २०१९ मध्ये गुजरातेत पोलिसांनी खेळणाऱ्या पोरांना पकडलं. आईबाप देशभर तक्रारी करत होते. शेवटी २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली ती चीनशी तणाव असताना, देशाच्या सुरक्षेच्या कारणाने. मुलांसाठी नव्हेच. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, त्यातही मुलाच्या वयाच्या पायऱ्या आखलेल्या नाहीत. एक तर काहीच नाही, नाहीतर थेट पोलीस आणि बंदी. मधली जागा, जिथे पालकाला खरी माहिती मिळावी, ती रिकामी आहे.

ही रिकामी जागा कुणाला महाग पडते? आमच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत कारखाने पाळ्यांवर चालतात. रात्रपाळीचा बाप दिवसा झोपतो, आई कामावर असते किंवा घरकामात, आणि मूल गप्प बसावं म्हणून मोबाइल त्याच्या हाती असतो. या घराला 'मुलांकडे लक्ष द्या' असं भाषण देणं सोपं आहे. रुश्द पारखायला वेळ लागतो, आणि वेळ तर पाळीने घेतलेला असतो. अशा घरासाठीच खात्रीचं वर्गीकरण हवं : मराठीत, दोन ओळींत, कारणासकट. यात रक्त आहे. यात अनोळखी माणसं बोलू शकतात. यात पैसे जातात. ओटीटीला २०२१ च्या नियमांनी वयासोबत असं कारण दाखवणं बंधनकारक केलं आहे. मग गेमला का नको?

बंदीची मागणी आपल्या मोहल्ल्यातून लवकर उठते. जुम्म्याच्या बयानातही मोबाइलला शिव्या असतात. पण बंदीचं हत्यार सरकारच्या हाती दिलं की ते कुठे चालेल हे आपण ठरवत नाही. अब्बासांच्या सिनेमात ते एका नोटेवर चाललं होतं. त्याऐवजी माहिती मागावी, कारण मागावं, आणि चुकीचा शिक्का बसला तर दाद मागायला एक स्वस्त दार मागावं, गेमसाठी नवं आणि सिनेमासाठी बंद केलेलं पुन्हा. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी अब्बासांनी हेच मागितलं होतं आणि नागपूरच्या न्यायाधीशाने त्यातलं बरंचसं योग्य ठरवलं होतं.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर मुलाच्या मोबाइलमधला गेम एकदा उघडून वयाच्या आकड्याखाली काय लिहिलंय ते वाचा, खरेदीला पासवर्ड लावा, आणि तो गेम मुलाकडूनच समजून घ्या. दहा मिनिटांत मुलाची समज किती, हे कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त कळेल.